कोटाची भिंत शोधत: मुंबईत एक दिवस पायी

गावाकडून कोणी पहिल्यांदा मुंबई बघायला आलं की त्याला फिरवायचं काम घरात माझ्याकडे येतं, आणि मी ते आनंदाने घेतो. सुरुवातीला मी पाहुण्यांना टॅक्सीत घालून एका दिवसात सगळं दाखवायचो. हाजी अली, राणीची बाग, गेटवे, जुहू, जमलं तर सिद्धिविनायक. रात्री घरी आल्यावर विचारलं की काय काय बघितलं, तर लोकांना सिग्नल आणि ट्रॅफिक आठवायचा. मग एकदा मामेभावाला घेऊन बोरीबंदरला, म्हणजे आजच्या सीएसएमटी स्टेशनला उतरलो आणि दिवसभर चालतच राहिलो. तो आजही त्या दिवसाबद्दल बोलतो. तेव्हापासून पाहुणा कोणीही असो, मी हीच वाट धरतो. ती तुम्हाला एकट्याने धरता यावी म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

वाटेला एक सूत्र आहे. जुने मुंबईकर दक्षिण मुंबईतल्या फोर्ट भागाला ‘कोट’ म्हणत, कारण इंग्रजांच्या वेळी इथे खराखुरा कोट होता. तटबंदी, खंदक आणि तीन दरवाजे: उत्तरेला बझारगेट, पश्चिमेला चर्चगेट, दक्षिणेला अपोलो गेट. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडला. नेमकी तीच वर्षं अमेरिकेतल्या यादवीची. तिकडचा कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. पाडलेल्या तटाच्या मोकळ्या जागेवर पुढच्या काही दशकांत त्या भव्य दगडी इमारती उभ्या राहिल्या, ज्यांचे फोटो तुम्ही लहानपणापासून बघत आलात. तट कुठून जात होता हे डोक्यात असलं की या इमारती इथेच आणि अशा ओळीत का आहेत, हे चालता चालता आपोआप उलगडतं.

आदल्या दिवशी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुपारी फोर्टातला दगड तापतो आणि घामाने जीव नकोसा होतो. पावसाळ्यात शहर फार देखणं दिसतं, पण ही वाट अर्धीच होईल हे धरून निघा.

वार कोणता? रविवारी रस्ते मोकळे असतात, म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर रविवार बरा. मात्र त्या दिवशी लोकलचा मेगाब्लॉक आहे का ते आधी बघून ठेवा. पहिल्यांदाच येत असाल तर मी कामाचा दिवस सुचवेन. डबेवाले, वकील, हमाल, फायलींचे गठ्ठे घेऊन पळणारे शिपाई यांच्याशिवाय फोर्ट म्हणजे नुसत्या भिंती.

वापरून सैल झालेले बूट किंवा सँडल घाला. एकदा मावशी कोऱ्या चपला घालून आल्या होत्या. हुतात्मा चौकापर्यंत टाचेला फोड आला आणि बिचाऱ्यांना उरलेला दिवस एका बाकावर काढावा लागला. एकूण चालणं आठ-नऊ किलोमीटरचं आहे. दिवसभरात विभागलं तर साठीतल्या माणसालाही झेपतं. पाण्याची बाटली, टोपी, छोटा नॅपकिन, थोडे सुट्टे पैसे आणि चार्ज केलेला फोन, एवढं पुरे.

महालक्ष्मी किंवा देवगिरीने रात्री निघालेले लोक सकाळी बोरीबंदरलाच उतरतात. त्यांनी सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवावं. बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच आणा. उपनगरात मुक्काम असेल तर सकाळी आठच्या आत पोहोचेल अशी लोकल पकडा. त्यानंतर अकरापर्यंत गर्दीचा लोंढा याच दिशेने असतो आणि नवख्या माणसाने त्यात शिरू नये.

बोरीबंदर: अर्धा तास नुसतं बघा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. आजही कोणी व्हीटी म्हणतं, कोणी सीएसटी, आणि आमच्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत बोरीबंदर होतं. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याची पहिली गाडी सुटली ती याच भागातून. आजची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याची. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे.

बहुतेक लोक रस्त्यापलीकडून एक फोटो काढून निघून जातात. तुम्ही तसं करू नका. फोटो काढा, मग भुयारी मार्गाने परत या आणि दर्शनी भागाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ: इंग्लंड आणि हिंदुस्थान. घुमटावर प्रगतीची मूर्ती आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात आऱ्यांचं चाक. घड्याळाखाली एक रिकामा कोनाडा दिसेल. तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर तो काढला. कोनाडा तसाच राहिला आहे.

आता नजर थोडी खाली आणा. भिंतीवर दगडात कोरलेले गोल चेहरे आहेत, रेल्वे कंपनीच्या संचालकांचे. त्यांत पगडीतला एक चेहरा आपल्या नाना शंकरशेटांचा आहे. रेल्वे इकडे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांतले ते एक. हा चेहरा शोधून काढाच, संध्याकाळी त्याची पुन्हा गाठ पडणार आहे. कोरीव कामातले मोर, माकडं, पानं, वेली नीट बघा. एका खांबाच्या माथ्यासारखा दुसरा नाही. यातलं बरंच काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. इंग्रजी आराखड्याच्या इमारतीत आपल्याकडची झाडं आणि जनावरं शिरली ती त्यांच्या हातून.

समोरच महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ सालची. पुढ्यात फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे.

नाश्ता इथेच उरका. रस्त्यापलीकडे ‘आराम’चा वडापाव अनेक पिढ्यांनी खाल्ला आहे. सोबत पीयूष किंवा ताक घ्या. पोट भरून मात्र खाऊ नका, अजून बरंच चालायचंय.

बझारगेट ते हॉर्निमन सर्कल

स्टेशनला लागूनच जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय. विजापूरचा गोल घुमट ज्याने पाहिला असेल त्याला ही इमारत ओळखीची वाटेल, कारण जॉन बेगने आराखड्यासाठी तोच नमुना डोळ्यांसमोर ठेवला होता. १९१३ मध्ये ती पूर्ण झाली. कामकाजाच्या वेळेत आत जाऊन घुमटाखाली दोन मिनिटं उभे राहा आणि वर बघा. कोणी अडवत नाही, फक्त रांगेच्या मध्ये येऊ नका. जवळच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात जुन्या कोटाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. रुग्णांची ये-जा असते, त्यामुळे मी पाहुण्यांना आत नेत नाही. पण भिंत सगळीच गेली नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता पेरीन नरिमन स्ट्रीटला लागा. हीच जुनी बझारगेट स्ट्रीट. इथे पाऊल टाकल्या टाकल्या रस्ता अंगावर येतो. अरुंद गल्ल्या, वर लाकडी सज्जे, खाली छापखाने, कागदाची दुकानं, शिक्के बनवणारे, हातगाड्या. कोटाच्या आत उत्तरेकडे पारशी, गुजराती वगैरे देशी लोकांची वस्ती होती आणि दक्षिणेकडे इंग्रजांची. भिंत पाडून दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी हा फरक आजही पायांना कळतो. बोरा बाजार, बझारगेट भागात तुम्ही खांद्याला खांदा लावून चालता आणि अर्ध्या तासात अशा ठिकाणी पोहोचता जिथे फुटपाथच एका गल्लीएवढे रुंद.

वाटेत रतनशी मुळजी जेठा यांची पाणपोई लागते, १८९४ची. मुंबईत तिला ‘प्याव’ म्हणतात. एका कापूस व्यापाऱ्याने आपल्या लहान वयात गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी ती बांधली आणि वर त्या मुलाची मूर्ती बसवली. आराखडा पुन्हा स्टीव्हन्सचा. या शहरात हमाल, गाडीवान, बैल आणि घोडे यांच्या तहानेची काळजी घेणारे लोक होते, हे अशा प्यावांपाशी कळतं. मी इथे नेहमी थांबतो.

इथून हॉर्निमन सर्कल दहा मिनिटांवर. मधोमध गोल बाग आणि भोवती अर्धवर्तुळात कमानींच्या इमारती. एके काळी ही मोकळी हिरवळ होती आणि तिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग लागत. जवळच्या वडाखाली दलाल जमायचे, त्यातूनच पुढे १८७५ मध्ये शेअर बाजार झाला. बागेला नाव दिलंय बी. जी. हॉर्निमन या इंग्रज संपादकाचं. तो आपल्या बाजूने लिहायचा, म्हणून १९१९ मध्ये सरकारने त्याला देशाबाहेर काढलं. बागेतल्या बाकावर पंधरा मिनिटं टेका. दिवसातली ही पहिली सावली आहे.

समोर टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटी, १८३३. पांढऱ्या खांबांची आणि रुंद पायऱ्यांची ही इमारत बघताक्षणी ओळखीची वाटते. बागेच्या दुसऱ्या अंगाला सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ साली ख्रिसमसला उघडलेलं. या चर्चच्या रस्त्यावरच्या दरवाजाला चर्चगेट नाव पडलं आणि दरवाजा गेल्यावर नाव स्टेशनला चिकटलं. मुंबईतली अंतरं एके काळी इथून मोजायचे. शहरात अजून काही जुने मैलाचे दगड उरले आहेत, त्यांचा शून्य इथे. आत शांतपणे जा, टोपी काढा, भिंतींवरच्या संगमरवरी पाट्या वाचा. वयं बघा: बावीस, पंचवीस, तीस. ‘माणसाचं आयुष्य दोन पावसाळे’ असं तेव्हाचे इंग्रज मुंबईबद्दल म्हणत. ते का म्हणत, हे या पाट्यांपुढे उभं राहिल्यावर उमजतं.

फाउंटन

वीर नरिमन रोडने सरळ पश्चिमेला पाच-सात मिनिटं चाला. समोर फ्लोरा फाउंटन, १८६४. कोटाचं चर्चगेट नेमकं या जागी उभं होतं. म्हणजे आत्ता तुम्ही आतून चालत येऊन दरवाजाच्या उंबऱ्यावर आहात.

शेजारी मशाल धरलेला कामगार आणि शेतकरी. इथे मराठी माणसाने थोडं थांबावं असं मला मनापासून वाटतं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. पुढच्या काळात या लढ्यात शंभरावर माणसं गेली, त्यांतले बरेचसे गिरणी कामगार आणि सामान्य लोक. १ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. माझे आजोबा इथून जाताना बसमध्येही हात जोडत. स्मारकावरची नावं वाचायला पाच मिनिटं लागतात, ती द्या.

साडेअकरा-बाराच्या सुमारास इथे असाल तर सायकलींना आणि हातगाड्यांना लटकलेले डबे दिसतील. १८९० पासून चालू असलेला हा व्यवसाय मावळातल्या माणसांनी उभारला. डबेवाल्यांना फोटोसाठी थांबवू नका. त्यांचं एक मिनिट चुकलं तर पुढची साखळी चुकते.

काळा घोडा आणि जेवण

महात्मा गांधी रोडने दक्षिणेला चालत राहा. काळा घोडा या नावाचं मूळ म्हणजे राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा काळा पुतळा. १९६५ मध्ये तो हलवला, आता तो राणीच्या बागेत आहे. नाव राहिलं, म्हणून २०१७ मध्ये नुसता घोडा, स्वाराविना, इथे बसवला. आजूबाजूला डेव्हिड ससून लायब्ररी (१८७०), निळ्या रंगाचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (१८८४) आणि जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२). जहांगीरमध्ये जाऊन या. चित्रांची सवय नसली तरी चालेल, बहुतेक वेळा चित्रकार स्वतः शेजारी उभा असतो आणि विचारलं तर मराठीतून सांगतो.

पलीकडचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र आज सोडा. त्याला अर्धा दिवस हवा. पाय दमलेले असताना घाईने बघितलेलं म्युझियम डोक्यात राहत नाही. फक्त कुंपणाबाहेरून दगड बघा: करडा तो कुर्ल्याचा, पिवळसर तो मालाडचा. मुंबईच्या बऱ्याच जुन्या इमारती मुंबईच्याच टेकड्या फोडून बांधल्या आहेत.

जेवण एक ते दोन. ऑफिसवाल्यांची गर्दी जिथे असेल तिथे बसा, ताजं मिळतं. फोर्टातल्या गल्ल्यांत उडप्यांकडे थाळी मिळते आणि इराण्याकडे चहा, ब्रून-मस्का. ब्रून पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी: वरचं कवच टणक असतं, ते चहात बुडवून मऊ होऊ द्यायचं. लोण्याचे तवंग कपात उतरतात आणि चहाच किंचित खारट होतो. तोच त्याचा खरा घास. जेवल्यावर इथलंच स्वच्छतागृह वापरून घ्या. पुढे गेटवेपाशी शोधाशोध होते.

गेटवे

रीगल सिनेमावरून जाल. १९३३ची ही इमारत चार्ल्स स्टीव्हन्सची, म्हणजे सकाळी पाहिलेल्या स्टीव्हन्सच्या मुलाची. बापाचे मोर-माकडं आठवा आणि मुलाच्या सरळ, गुळगुळीत रेषा बघा.

गेटवेला पोलिसांची तपासणी असते, बॅग हलकी असली की बरं. १९११ मध्ये पाचवा जॉर्ज आला त्याच्या स्मरणार्थ ही कमान, पण ती पुरी झाली १९२४ मध्ये. आराखडा जॉर्ज विटेटचा, मघाच्या म्युझियमचाही तोच. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची इंग्रज पलटण याच कमानीतून बोटीवर चढली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. फोटोवाले, फुगेवाले मागे लागतील. ‘नको दादा’ म्हणून पुढे व्हा. घारापुरीच्या लाँचचा मोह होईल, तो आवरा. तो दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आहे आणि सोमवारी लेणी बंद असतात.

ओव्हल: एका मैदानाच्या मधोमध

मादाम कामा रोडने साडेतीन-चारच्या सुमारास ओव्हल मैदानावर या. माझ्या मते सगळ्या दिवसाचं सार या जागी आहे.

आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज हे सगळं एके काळी सलग माळरान होतं. कोटावरच्या तोफांना समोर आडोसा नको म्हणून ते मोकळं ठेवलेलं. मुंबईत इतकी मैदानं सलग का, याचं उत्तर हे. आता मैदानातल्या पायवाटेवर मधोमध उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर: तट पाडल्यावर, १८७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या टोकदार कमानी. राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. कापसाच्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसे दिले.

आता पाठ फिरवा. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती: गोलाकार सज्जे, बोटीसारखे कोपरे, खिडक्यांवर भुवईसारख्या छज्ज्या, नावांची खास वळणाची अक्षरं. त्यांच्या खालची जमीन भराव टाकून समुद्रातून मिळवलेली. म्हणजे एका हाताला किल्ल्याची कड आणि दुसऱ्या हाताला जुना समुद्र, मधे तुम्ही. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा झाल्या.

बाजूला पोरं क्रिकेट खेळत असतात. एकाच वेळी दहा-बारा सामने चालू, कुठला चेंडू कुणाचा ते त्यांनाच माहीत. डोकं सांभाळून कडेला बसा, शेंगदाणे घ्या, पायांना अर्धा तास सुट्टी द्या.

मरीन ड्राइव्ह ते गिरगाव

चर्चगेट स्टेशनवरून पाच मिनिटांत समुद्र. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी तासभर कठड्यावर पोहोचा. पाणी उजव्या हाताला ठेवून गेलात तर नरिमन पॉइंट येतो. तिकडे जाऊ नका, पाणी डाव्या हाताला ठेवून चौपाटीकडे निघा. दोनेक किलोमीटर आहे आणि वारा असतो, म्हणून जाणवत नाही. खालच्या चौपायी सिमेंटच्या ठोकळ्यांवर उतरू नका. ते निसरडे असतात, आणि भरतीची लाट सांगून येत नाही.

गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२०ला ते गेले, तेव्हा त्यांना इथे वाळूत अग्नी दिला. अंधार पडेपर्यंत इथे बसा. भेळ खायची तर थोडी खा, जेवण पुढे आहे.

रेल्वेवरचा पूल ओलांडला की गिरगाव. मराठी मुंबईचं हे जुनं घर आता उंच टॉवरांच्या सावलीत गेलं आहे. चाळी कमी होताहेत, हे बघून दर वेळी पोटात तुटतं. तरी १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला ती केशवजी नाईकांची चाळ इथलीच, आणि मराठी साहित्य संघाचं नाट्यगृहही इथलंच. खोताची वाडी बघायची इच्छा होईल. ती पुढच्या खेपेला सकाळच्या उजेडात बघा. तिथे लोक राहतात, अंधारात त्यांच्या ओसरीत डोकावणं बरं नाही.

‘विनय’मध्ये मिसळ खा, वर पीयूष घ्या. मग गिरगावच्या मुख्य रस्त्यावर येऊन त्याच्या नावाची पाटी वाचा: जगन्नाथ शंकरशेट मार्ग. सकाळी स्टेशनच्या भिंतीवर शोधलेला पगडीतला चेहरा तो यांचाच. नाना इथलेच, गिरगावचे.

परतीला साडेआठनंतरची लोकल चर्नी रोडवरून घ्या, गर्दी ओसरलेली असते. सामान बोरीबंदरला असेल तर भुयारी मेट्रोने जा. गिरगाव, मग काळबादेवी, मग सीएसएमटी. दिवसभर पायाखाली घातलेलं शहर आता डोक्यावर असतं आणि काही मिनिटांत तुम्ही सुरुवातीच्या जागी. वर आलात की क्लोकरूमकडे वळण्याआधी एकदा समोरून बघा. रात्री इमारतीवर दिवे लागलेले असतात, आणि घड्याळाखालचा तो रिकामा कोनाडा सकाळपेक्षा स्पष्ट दिसतो.